इंडिकेटरचा अर्थ लागत नाही

नांदेडहून अर्धापूर मागे टाकून निघालं की वारंगा फाट्यावर रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जाते आणि दुसरी उजवीकडे हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूर गाठते. सरकारी कागदावर हे राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि ३६१. गाडीवाल्यांच्या तोंडी मात्र हा खिचडीचा फाटा. इथे थांबून गरम खिचडी न खाता पुढे जाणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर उपासाला असतो.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी याच फाट्यावर उजवीकडे वळत होतो. गाडी २००६ची, वजनदार, सात माणसांची. दांडी ओढली, तर डॅशबोर्डवरचा बाण घाईला आल्यासारखा टिकटिक-टिकटिक करू लागला. ‘बल्ब गेला असेल, घरी गेल्यावर बघू,’ असं म्हणून वळण घेतलं आणि त्याच क्षणी मागचा ट्रक माझ्या उजव्या अंगाने हॉर्न देत पुढे निघून गेला. त्याची चूक म्हणता येत नव्हती. मागून त्याला काय दिसलं हे नंतर उतरून पाहिलं. ब्रेक दाबला की उजवा दिवा मिणमिणता लाल, इंडिकेटर लावला की त्याच लाल दिव्याची उघडझाप, आणि पिवळा मात्र जेमतेम. माझी गाडी मागच्या माणसाला काहीतरी सांगत होती, पण काय ते त्याला कळण्यासारखं नव्हतं.

फाट्यावर बल्ब विकत घेऊन बसवला. फरक शून्य. मग एक पोरगेलासा वायरिंगवाला आला. त्याने मागच्या दिव्याचे दोन स्क्रू काढले, दिवा हातात घेतला, एक लांब वायर काढली, तिचं एक टोक होल्डरच्या काळ्या वायरीला टेकवलं आणि दुसरं गाडीच्या हुकाला, जिथे रंग खरवडून लोखंड उघडं पडलं होतं तिथे. पिवळा दिवा ठसठशीत पेटला, टिकटिक आपोआप संथ झाली.

‘‘काका, बल्ब नव्हता गेला,’’ तो म्हणाला. ‘‘अर्थ लागंना त्याला.’’

जुन्या गाड्यांच्या दिव्यांविषयी मला जे सांगायचं आहे, ते बरंचसं या एका वाक्यात आहे.

घरातल्या बल्बला दोन वायरी लागतात हे आपल्याला ठाऊक असतं. गाडीतल्या बल्बला बॅटरीकडून येणारी वायर एकच असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याची छोटी काळी वायर जवळच्या पत्र्याला एका बोल्टने कसलेली असते, तोच त्याचा अर्थ. नव्या गाडीत तो बोल्ट चकचकीत असतो. वीस पावसाळ्यांनंतर त्याच्याखाली गंज, वरून डेंटिंग-पेंटिंगचा थर, आणि आपल्याकडे त्यावर काळ्या मातीचं लिंपण. वीज पोहोचते, पण तिला परत जायला वाट मिळत नाही. मागच्या दिव्यात ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर या सगळ्यांचा अर्थ बहुधा एकच असतो. तो अडला की वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटी शिरून पुढच्या दिव्याच्या अर्थापर्यंत जाते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद उजळतो आणि इंडिकेटर लावला की पार्किंग लाईट डोळे मिचकावते. असा एका दिव्याचा दुसऱ्यावर परिणाम दिसला तर दुकानात जाऊन बल्ब मागू नका. आधी काळ्या वायरीचा बोल्ट शोधा.

तो सापडला की काम अर्ध्या तासाचं. बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढून ठेवा. बोल्ट सोडवा, वायरीच्या टोकाचा गोल लग आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत साफ करा, बोल्ट घट्ट कसा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. क्रम उलटा करू नका; आधी ग्रीस आणि मग बोल्ट, असं घाईत करणारे भेटतात. लग कुजून हिरवा झाला असेल तर तो कापून नवा दाबून बसवा. होल्डरच्या आतही डोकवा. पितळी पत्ती हिरवट-पांढरी झाली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पत्तीची स्प्रिंगच गेली असेल तर होल्डर बदला. पत्ती वाकवून केलेलं जुगाड पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

घरी मल्टिमीटर असेल तर अंदाज बांधत बसायची गरज नाही. दिवा लावून ठेवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी दिव्याच्या काळ्या वायरीला लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष तिथेच आहे. आणि हो, ही तपासणी दिवा चालू असतानाच करायची. बंद दिव्यावर खराब अर्थही शहाण्यासारखा वागतो.

आता प्रत्येक वेळी अर्थच दोषी असेल असं नाही. इंडिकेटर चालेना, तर मी सगळ्यात आधी हॅझर्डचं लाल त्रिकोणाचं बटण दाबतो आणि गाडीभोवती एक चक्कर मारतो. या एका चकरेत निम्मा शोध संपतो. हॅझर्डला चारही दिवे नीट लागतात, पण दांडी ओढल्यावर काहीच होत नाही, याचा अर्थ बल्ब, अर्थ, वायरी आणि बहुधा ही टिकटिक करणारा फ्लॅशरही ठीक आहेत. मग उरतात किल्लीनंतर चालू होणारा इंडिकेटरचा फ्यूज, स्टिअरिंगखालचा कॉम्बी स्विच आणि खुद्द हॅझर्डचं बटण. या शेवटच्यावर कुणाचा संशय जात नाही. पण त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची वीज हॅझर्डच्या बटणातूनच पुढे जाते. वर्षानुवर्षं न दाबलेल्या बटणाच्या आतल्या पत्त्या काळवंडतात आणि नेहमीची वाट बंद होते. बटण दहा-वीस वेळा दाबून-सोडून पाहा. इंडिकेटर मधूनच लागायला लागला तर दोषी सापडला. मी एकदा एवढ्यावरच सहा महिने निभावलं होतं, पण ते चांगलं उदाहरण म्हणून सांगत नाही.

हॅझर्डही नाही आणि इंडिकेटरही नाही, तर फ्लॅशरकडे वळा. एकाच बाजूचा एकच दिवा नाही, तर तो बल्ब, त्याचा होल्डर, त्याचा अर्थ. एक पूर्ण बाजूच मेली आणि हॅझर्डलाही ती बाजू उठत नाही, तर त्या बाजूचा मोठा कपलर सुटलाय का, वायर कुठे तुटलीय का ते बघा. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा सोयाबीनच्या कुटाराजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांचा विचार सगळ्यात आधी करा. त्यांना इंजिनाची ऊब आवडते आणि वायरीचं प्लास्टिक त्याहून जास्त.

टिकटिकीचा वेगही बोलतो. नियमाप्रमाणे इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० या दरम्यान हवी; घड्याळ लावून मोजा. पुढचा २१ वॅट, मागचा २१ वॅट आणि फेंडरवरचा ५ वॅट मिळून एका बाजूला ४७ वॅटचा भार, म्हणजे सुमारे ४ अँपिअर. त्यातला एक मोठा बल्ब गेला किंवा त्याला अर्थ लागेनासा झाला की भार निम्म्यावर येतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हे ओळखून मुद्दाम घाईने टिकटिकतो, चालकाला सावध करण्यासाठीच. अगदी जुन्या, गोल पत्र्याच्या डबीतल्या फ्लॅशरची गोष्ट उलटी आहे. त्यात तापून वाकणारी पट्टी असते. भार कमी पडला की ती पुरेशी तापत नाही आणि इंडिकेटर मंदावतो किंवा नुसताच लागून राहतो. त्यामुळे फ्लॅशर ‘खराब’ ठरवून फेकण्याआधी तो खरं बोलतोय का, एवढं तपासा.

हौसेने एलईडी बल्ब बसवणाऱ्यांना हीच घाईची टिकटिक ऐकू येते. एलईडी जेमतेम दोन-तीन वॅट खातो आणि फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. मग कुणीतरी सोनेरी रंगाचा लोड रेझिस्टर जोडून देतो. त्यात तेवढीच वीज उष्णता होऊन जळते आणि तो प्लास्टिकला टेकून बसवला तर प्लास्टिक वितळवतो. एलईडी लावायचाच असेल तर भारावर न चालणारा एलईडीचा फ्लॅशर बसवा. माझं मत विचाराल तर इंडिकेटरला साधा बल्बच बरा. स्वस्त आहे, कुठल्याही फाट्यावर मिळतो, आणि गेला की टिकटिक तुम्हाला सांगते.

बल्ब घेताना मात्र जुना बल्ब सोबत न्या. ब्रेक आणि पार्किंगचा एकत्र बल्ब दोन तारांचा असतो, २१ आणि ५ वॅटचा. दुकानदार त्याला डबल पॉइंट म्हणतात. त्याच्या बाजूचे दोन खिळे मुद्दाम खाली-वर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. तरीही जोर लावून उलटा बसवणारे हात आहेत. मग पार्किंग ब्रेकसारखी भडक जळते आणि ब्रेक दाबल्यावर फरकच दिसत नाही. इंडिकेटरची काच पिवळी असेल तर बल्ब पांढरा चालतो. काच पांढरी असेल तर बल्ब पिवळाच लागतो, आणि त्याचे खिळे समोरासमोर नसून तिरके असतात, म्हणून साधा त्यात बसत नाही. एखाद्याने खिळा घासून तो बसवला, तर तुमचा इंडिकेटर मागच्याला पांढऱ्या लुकलुकीसारखा दिसणार.

आपल्याकडच्या जुन्या दणकट गाड्या बहुतेक एकाच पिढीच्या. टाटा सुमो १९९४ साली आली, सुमंत मूळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन. २००० साली क्वालिस आणि बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ. यातल्या कितीतरी आजही लग्नसराईत, दवाखान्याच्या फेऱ्यांत आणि हळदीचे कट्टे वाहण्यात खपतायत. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्याआधीची एमएच-२२ची पाटी मिरवणारी एखादी जीप आपल्या एमएच-३८ वाल्या रस्त्यांवर दिसली की मला तरी बरं वाटतं. पण या वयाच्या गाडीला हेडलाईटची काळजी वेगळी घ्यावी लागते.

हेडलाईट मंद वाटतो म्हणून लोक थेट ९०/१०० वॅटचा बल्ब घालतात. तिथे घोळ सुरू होतो. मूळ एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा. दोन्ही अप्पर मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. १०० वॅटचे दोन बसवले की सतरा अँपिअरच्या आसपास. बऱ्याच जुन्या गाड्यांत ही सगळी वीज कॉम्बी स्विचमधून जाते. आधी होल्डर तपकिरी होतो, मग स्विचमधून जळका वास येतो, आणि एका रात्री अप्पर-डिपर करताना दोन्ही दिवे एकदम जातात. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांवर अत्याचार, आणि तो कायद्यातही बसत नाही.

खरं दुखणं बहुतेक वेळा व्होल्टेजचं असतं. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. मग तेच हेडलाईटच्या कपलरवर, बल्ब पेटता असताना मोजा. तिथे १२च्या खाली असेल तर उजेड वाटेतच सांडतोय. उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून फ्यूज लावून थेट जाड वायर, दोन रिले, सिरॅमिकचे होल्डर. स्विचकडे फक्त रिलेला हुकूम देण्याचं हलकं काम. जुन्याच बल्बने रस्ता उजळलेला पाहून माणूस चकित होतो. उलट बॅटरीवरच १५ व्होल्ट दिसत असतील आणि महिन्याला एक बल्ब जात असेल, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर दाखवा. बल्बच्या कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर ओल्या पॉलिश पेपरने, ८०० पासून २००० नंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने घासून चमकवता येते. पण शेवटी ऊन अडवणारा क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तेच. टूथपेस्टने होतं म्हणतात. होतं, आठवडाभर. अस्सल काचेच्या दिव्याची काच पिवळी पडत नाही, आतला आरसा काळवंडतो. तो फडक्याने पुसायला जाऊ नका, उरलीसुरली चकाकीही फडक्यावर येते. दिवाच बदला.

दिव्याचा नेम घरच्या भिंतीवर तपासता येतो. सपाट जागेवर, टायरमध्ये हवा नीट भरून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. बल्बच्या मधोमध उंचीची खूण भिंतीवर करा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली यायला हवी, डाव्या बाजूला थोडी वर चढलेली. मागे हळदीचे पाच-सहा कट्टे टाकले की गाडीची शेपूट बसते, नाक वर येतं आणि तुमचा डिपर समोरच्याला अप्पर वाटतो. काही गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. माल भरला की आकडा वाढवायचा, दिवा खाली झुकतो. ही चकती कशाची हे वीस वर्षं गाडी वापरून माहीत नसलेले चालक मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

फ्यूजबद्दल एकच. जो रंग गेला तोच घाला. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. पुन्हा उडाला तर शॉर्ट शोधा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार घालून ‘गाडी चालू करून देणारा’ माणूस तुमच्यावर उपकार करत नाही. फ्यूजऐवजी आता वायरिंग जळणार आहे. मागे ट्रॉली ओढण्यासाठी हुक बसवून वायरी मध्येच खरवडून जोडल्या असतील, तर शॉर्ट तिथूनच शोधायला लागा.

दिवे दुरुस्त झाले तरी त्यांची भाषा नीट बोलावी लागते, आणि इथे आपण सगळेच अडाणी. महामार्गावर पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा कधी ‘जा पुढे’ म्हणतो, कधी ‘येऊ नको’. मोकळ्या रस्त्यावर हे अंदाजाने निभतं. फाट्यावर नाही, कारण इथे उजवा इंडिकेटर म्हणजे खरोखर उजवीकडे वळणारा माणूसही असतो. म्हणून वळणाच्या बरंच आधी, वेग कमी करायला लागण्यापूर्वी इंडिकेटर द्या आणि आरशात पाहिल्याशिवाय दांडीवर भरवसा ठेवू नका. दुसरी खोड म्हणजे चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणं. बाजूने येणाऱ्याला तुमचा एकच कोपरा दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय. सरळ जाणाऱ्याने इंडिकेटरला हातच लावायचा नसतो. हॅझर्ड उभ्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहे.

उसाच्या हंगामात तर हे जास्तच सांभाळा. धुक्याच्या पहाटे समोर अंधाराचा एक ढीग हळूहळू हलताना दिसतो. ती बिनदिव्याची ट्रॉली असते. तिच्या मागे ब्रेक दाबणाऱ्या तुमच्या गाडीचे दिवे आता तिच्यासकट सगळ्यांचे दिवे असतात. मागचे लाल रिफ्लेक्टर फडक्याने पुसून ठेवा; त्यांना ना वायर लागते ना अर्थ. ट्रॉली तुमचीच असेल तर मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकती पट्टी लावायचा खर्च एका टायरच्या पंक्चरांइतकाही नाही. वाटेत दिवे गेलेच तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा, महामार्गावर १०३३ला फोन लावा. अंधारात हात बाहेर काढून दिलेली खूण कुणाला दिसत नाही.

खाजगी गाडीची १५ वर्षं भरली की पुन्हा नोंदणी, आणि पुढे दर पाच वर्षांनी. तेव्हा आरटीओत दिवे बघतातच. पण पाच वर्षं थांबायला कशाला हवं? रात्री एखाद्या दुकानाच्या शटरकडे पाठ करून गाडी लावा आणि आत बसल्याबसल्या ब्रेक, डावा, उजवा, रिव्हर्स एकेक करून आरशात शटरवरचा उजेड पाहा. एकट्याने दोन मिनिटांत होतं. मी हे हल्ली फाट्यावरच करतो, खिचडी यायला लागणाऱ्या वेळात. त्या जानेवारीत उगीच घेतलेला बल्ब अजून मागच्या दिव्यात आहे आणि त्याच्यासाठी काढून टाकलेला जुना पुढच्या कप्प्यात. दोन्ही चालू आहेत.